परतीचे भाडे फुकट, पण उतरायचे कुठे?



पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाने परत यावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे घरोघर आहे. कुणाचा भाऊ मुंबईला, कुणाचा दीर आखातात, कुणाचे अख्खे बिऱ्हाड कोयता घेऊन सहा महिने परमुलखात. सणावाराला माणसे गोळा झाली की विषय निघतो. ‘आता बास झाले, या घरी,’ असे आपण म्हणतो. ताटे उचलली की विषयही उचलला जातो, आणि पुढच्या सणाला पुन्हा तोच.

आज या प्रश्नाचा एक जुना हिशेब तुमच्यापुढे मांडायचा आहे. तो आपल्या गावचा नाही, सातासमुद्रापलीकडचा आहे. पण माणसे शेतकरी-मजुरांच्या घरातलीच होती आणि पीकही आपल्या ओळखीचे होते, ऊस! शेवटपर्यंत वाचा, म्हणजे तो इथे का मांडला ते कळेल.

गिरमिटाची माणसे

इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात. तेव्हा मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानच्या खेड्यांकडे वळली. पाच वर्षांचा करार करायचा, अंगठा घ्यायचा आणि जहाजात बसवायचे. या कराराला इंग्रजीत अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले आणि माणसे झाली ‘गिरमिटिया’. सुताराच्या पेटीतले गिरमिट लाकडाला भोक पाडते. या गिरमिटाने माणसांच्या आयुष्याला भोक पाडले म्हणा ना! मॉरिशसला आपल्या रत्नागिरी भागातलीही माणसे अशीच गेली. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात.

आपण बोलणार आहोत ते मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळबद्दल. हे सणाचे नाव नव्हे, तिथल्या प्रांताचे. १८६० साली मजुरांचे पहिले जहाज मद्रासहून तिथल्या दरबान बंदरात पोहोचले. १९११ पर्यंत अशी दीड लाखाहून अधिक माणसे गेली. बहुतेक तामिळ आणि तेलुगू मुलखातली, बाकीची बिहार-उत्तर प्रदेशाकडची. दुष्काळ, सावकार, भाऊबंदकी, नवऱ्याने टाकलेली बाई, अशी कारणे तीच, जी आजही माणसाला वेशीबाहेर काढतात.

पगार किती? पुरुषाला पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग. दरवर्षी एक शिलिंग वाढ, म्हणजे पाचव्या वर्षी १४. जोडीला तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा. बाईला याच्या निम्मे. पाच वर्षांची बेरीज करा: ७२० शिलिंग होतात. एका पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे ३६ पौंड. पण ही कागदावरची बेरीज. आजारी पडला, गैरहजर राहिला, की कापाकापी. पाच वर्षांनी गाठीला काय राहत असेल, ते तुम्हीच ओळखा.

करार संपला. आता?

समजा, असेच एक कुटुंब आहे. त्याला नाव देत नाही, कारण ते एकच नव्हते, तशी हजारो होती. नवरा, बायको, सोळा वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी. पाच वर्षे उसात राबून करार पुरा झाला आहे. रात्री चुलीपुढे बोलणे निघते, जायचे की राहायचे?

नवरा म्हणतो, जाऊ. म्हातारी वाट बघत असेल. वाडवडिलांचा तुकडा आहे. मेलो तर आपल्या मातीत मरू.

बायको गप्प असते. तिचे वेगळे असते. यातली कितीतरी लग्ने जहाजावर किंवा मळ्यावर जमलेली. तो एका जातीचा, ती दुसऱ्या. मळ्यावर कुणी विचारले नाही, पण गावात पहिल्याच दिवशी विचारतील. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्या म्हणतील, गावजेवण घाला म्हणतील. गाठीचे पैसे त्यातच जायचे. आणि मुलगी तेराची झाली. तिला स्थळ कोण देणार? मुलाला तर गाव आठवतही नाही धड.

लेकी-सुनांनो, त्या बाईचे गप्प राहणे तुम्हाला कळेल. घर बदलायचा निर्णय चुलीपुढे होतो, पण चूल सांभाळणारीला शेवटी विचारतात. तिथेही बहुधा तसेच झाले असेल.

राहिले तर काय? तेही अगदीच वाईट नव्हते. करार संपलेल्या कितीतरी माणसांनी दरबानच्या आसपास खंडाने जमीन घेतली. मका, भाजीपाला, फळे पिकवली आणि टोपल्या डोक्यावर घेऊन शहरात विकली. भाजी स्वस्त झाली, गोऱ्यांच्या घरातही तीच शिजू लागली. आपल्या माणसाला तुकडाभर जमीन आणि पाणी द्या, तो कुठेही हिरवे करून दाखवतो.

आणि इथेच माशी शिंकली.

तीन पौंडांचा फास

मजूर म्हणून राबणारा हिंदी माणूस गोऱ्यांना हवा होता. शेजारी शेती करणारा, बाजारात बरोबरीने बसणारा नको होता. त्याने करार संपला की परत जावे, नाहीतर पुन्हा करारात अडकावे, अशी त्यांची इच्छा. मग तिथल्या सरकारने युक्ती काढली. मोकळा राहणाऱ्या मजुरावर वर्षाला २५ पौंडांचा कर बसवायचा बेत केला. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने पंचवीस नाकारले आणि तीन मान्य केले! १८९५ साली तसा कायदा झाला. गांधीजी तेव्हा तिथे तरुण बॅरिस्टर होते. त्यांनी आणि नाताळ इंडियन काँग्रेसने याविरुद्ध आवाज उठवला, पण कायदा टळला नाही.

आता आपल्या कुटुंबापुढे तीन वाटा राहिल्या. सरकारी भाड्याने परत जा, पुन्हा करारावर अंगठा द्या, किंवा माणशी तीन पौंड भरा. पुढे १९०३ मध्ये हा कर सोळा वर्षांवरील मुलग्यांना आणि तेरा वर्षांवरील मुलींनाही लागू केला. म्हणजे आपल्या कुटुंबातल्या चारही डोक्यांवर कर.

पाटी-पेन्सिल घ्या. चार माणसे, माणशी तीन पौंड, एकूण १२ पौंड. शिलिंगात २४०. नवऱ्याचा पाचव्या वर्षाचा पगार महिना १४ शिलिंग, वर्षाचे १६८. म्हणजे बाप्याने वर्षभराचा सगळा पगार सरकारच्या हातावर ठेवला तरी वर ७२ शिलिंग देणे उरते! खायचे काय आणि नेसायचे काय?

परत जाणे आता इच्छेचे राहिले नाही. एका हातात फुकट भाड्याचा कागद, दुसऱ्या हातात कराची नोटीस. अशा वेळी माणूस ‘मी जातो’ म्हणाला, तर तो जातो आहे की त्याला हाकलले जात आहे?

कितीकांनी कर चुकवण्यासाठी पुन्हा करार केला. मळेवाल्यांना तेच हवे होते. ऊसतोडीच्या उचलीत एकदा सापडलेला गडी दरवर्षी त्याच मुकादमाच्या दारी का जातो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली मेख सांगायला नको.

कोतळूकचा माणूस

या गोष्टीत आपल्या मातीचा एक माणूस आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. नाताळला मजूर पाठवणे बंद करा, असा ठराव त्यांनी १९१० साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडला. तो मंजूर झाला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची मजूरभरती थांबली. मग १९१२ च्या अखेरीस प्रकृती बरी नसतानाही ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथल्या मंत्र्यांना भेटले आणि तीन पौंडांचा कर जाणार, असा भरवसा घेऊन निघाले. पण तिथल्या सरकारने पुढे असे वचन दिलेच नाही म्हणून हात वर केले.

मग १९१३ साली भडका उडाला. कोळशाच्या खाणीतले मजूर बाहेर पडले, पाठोपाठ उसाचे मळे थंडावले. बायका तुरुंगात गेल्या. नोव्हेंबरमध्ये गांधीजींबरोबर सरहद्द ओलांडणाऱ्या मोर्चात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. वल्लिअम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि थोड्याच दिवसांत गेली. १९१४ साली कर रद्द झाला.

लक्षात घ्या, ही माणसे लढली ती परत येण्यासाठी नव्हे. तिथे राहायचे की नाही, हे आपले आपण ठरवता यावे म्हणून लढली.

मग आले गाजर

काठीने जमले नाही, तेव्हा गाजर पुढे आले. १९२७ साली दोन्ही सरकारांचा केपटाउन करार झाला. त्यात ठरले की जो स्वखुशीने हिंदुस्थानात परत जाईल, त्याला जहाजाचे भाडे फुकट, वर प्रत्येक मोठ्या माणसाला २० पौंड आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला १० पौंड बोनस. तेव्हाच्या दराने २० पौंडांचे सुमारे २६६ रुपये होत. त्या काळच्या मजुराला ही रक्कम डोंगराएवढी. नवरा, बायको आणि दोन लहान मुले असली तर ६० पौंड, म्हणजे आठशे रुपये!

पण कागदाची दुसरी बाजू वाचा. परत येऊन पस्तावलात तर तीन वर्षांच्या आत पुन्हा तिकडे जाता येई, पण बोनस आणि जहाजाचे भाडे आधी फेडून. तीन वर्षे उलटली की तिथे राहायचा हक्क संपला. गावी पोहोचल्यावर पहिल्या सहा महिन्यांत ज्याचे पैसे घरदुरुस्तीत, जेवणावळीत आणि नातलगांच्या उसनवारीत गेले, तो ते फेडणार कुठून? दार एकाच बाजूने उघडणारे होते.

या माणसांचे इकडे काय झाले, हे पाहायला भवानी दयाळ संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी हे दोघे फिरले आणि १९३१ साली त्यांनी अहवाल छापला. भवानी दयाळ स्वतः दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले, गिरमिटिया घरातले. चित्र दुःखाचे होते. मद्रासला उतरणाऱ्यांसाठी सरकारने अधिकारी नेमला होता, पण अधिकारी गाव कुठून देणार? जमीन भाऊबंदांनी वाहून घेतलेली, किंवा सावकाराकडे गेलेली. जातीत घ्यायला कुरकुर. मजुरी तिकडच्यापेक्षा फार कमी. मुले तिकडे जन्मलेली, त्यांना इथले ऊन सोसेना, पाणी बाधे, भाषा धड येईना. ज्या घराच्या आठवणीवर बापाने दिवस काढले, त्या घराच्या उंबऱ्यात पोरे परकी होऊन उभी राहिली.

कलकत्त्याला तर याहून वाईट. हुगळीच्या काठी, गोदीजवळ मटियाबुर्ज नावाची वस्ती आहे. फिजी, त्रिनिदाद, गयाना अशा ठिकठिकाणांहून परतलेली शेकडो माणसे १९२० च्या आसपास आणि नंतरही तिथे झोपड्यांत पडून होती. काही गावी जाऊन आलेली आणि गावाने न ठेवलेली. काही गावापर्यंत पोहोचलीच नाहीत. कशाची वाट बघत होती? पुन्हा परत नेणाऱ्या जहाजाची! ज्या मळ्यातून सुटायला वर्षे मोजली, त्याच मुलखात आम्हाला न्या, अशा विनवण्या ती करत होती. दुरून डोंगर साजरे म्हणतात. इकडून तिकडचा डोंगर साजरा आणि तिकडून इकडचा.

शेवटी १९३२ साली दोन्ही सरकारांनाही कबूल करावे लागले की ही योजना आता जवळजवळ संपली. एक कारण त्यांनी स्वच्छ सांगितले, तिथल्या हिंदी लोकांपैकी ८० टक्के माणसे आता तिथेच जन्मलेली होती. त्यांना ‘मायदेशी परत जा’ म्हणायचे, तर कुठल्या मायदेशी?

राहिलेल्यांचे तरी काय?

तुम्ही म्हणाल, म्हणजे राहिले ते शहाणे आणि आले ते वेडे? तसे मुळीच नाही. राहिलेल्यांच्या वाट्याला वर्णभेद आला. १९५० साली कायदा करून कुठल्या वर्णाने कुठे राहायचे हे सरकारने ठरवले, आणि भाजीपाला पिकवून उभी केलेली घरे-मळे सोडून हिंदी लोकांना नेमून दिलेल्या वस्तीत जावे लागले. तुम्ही इथले कायमचे रहिवासी आहात, हे सरकारने मान्य केले ते १९६१ मध्ये, पहिले जहाज लागल्यानंतर १०१ वर्षांनी! सगळ्यांच्या बरोबरीने मत देता आले ते १९९४ साली. आज त्या देशात हिंदी वंशाची दहा लाखांहून अधिक माणसे आहेत. शिकली, पुढे आली. पण त्यासाठी तीन-चार पिढ्या खर्ची पडल्या.

तेव्हा जाणे बरोबर की राहणे बरोबर, याचे एक उत्तर नाही. आले त्यांनी सोसले, राहिले त्यांनीही सोसले. परत येऊन सुखाने नांदलेली घरेही असतीलच. सुखी माणसांवर अहवाल निघत नाहीत. मात्र या सगळ्या हिशेबातून एक गोष्ट ठसठशीत दिसते. परतणाऱ्याला भाडे दिले, बोनस दिला, अधिकारी दिला, पण गावात जागा कुणी राखली नव्हती. जहाज त्याला बंदरापर्यंत आणी. बंदरापासून उंबऱ्यापर्यंतची वाट मागे राहिलेल्यांच्या हातात होती, आणि ती तिथेच तुटली.

आता आपल्या घराकडे वळू

म्हणून आजचे बोलणे गेलेल्यांशी नाही, वाचकहो, तुमच्याशी आहे. गावात राहून घर धरून ठेवलेल्यांशी.

पहिली गोष्ट, खरे कळवा. आपण फोनवर ‘सगळे ठीक’ म्हणतो. विहीर आटली तरी ठीक, सोसायटीचे कर्ज थकले तरी ठीक. त्याला वाटते, गावी गेलो की शेतीवर भागेल. किती एकर उरले, पाणी किती महिने पुरते, वर्षाकाठी हातात काय राहते, हे आकडे त्याला माहीत हवेत. तसेच त्यानेही तिकडची खोली, भाडे, दुखणी-खुपणी लपवू नयेत. दोन्ही बाजूंनी झाकलेल्या ताटातून निवड करायची म्हणजे फसायचेच.

दुसरी, सातबारा बघा. वडील गेल्यावर वारसांची नोंद झाली आहे का? बाहेर असलेल्या भावाचे नाव लागले आहे का? बहिणींचे? गावात राहत नाही म्हणून वडिलोपार्जित जमिनीतला कुणाचा वारसहक्क जात नाही. तलाठ्याकडे अर्ज करून फेरफार करून घ्या. जो वाहतो त्याच्या कष्टाचा मोबदलाही तोंडी ठेवू नका, बसून ठरवा आणि लिहा. भाऊबंदकी पुष्कळदा लबाडीतून उगवत नाही. न बोललेल्या हिशेबातून उगवते.

तिसरी, ‘ये’ म्हणणाऱ्याचा आणि ‘येऊ नको’ म्हणणाऱ्याचा फायदा कशात आहे ते तपासा. नाताळच्या मळेवाल्याला मजूर हवा होता, शेजारी नको होता. आपल्यालाही कधी भावाचा पैसा हवा असतो, भाऊ नको असतो. कटू वाटेल, पण मनाशी विचारून बघा.

चौथी, बाईला आणि मुलांना आधी विचारा. परत आल्यावर पाणी भरायचे, सासूचे बघायचे, नव्या शाळेत जायचे, हे त्यांच्या वाट्याला येते. मुले तिकडे जन्मली असतील तर त्यांना ‘गावी परत’ म्हणजे काय, हे त्यांच्याच तोंडून ऐका. मे महिन्याच्या सुटीत आंबे खायला आलेले पोर वेगळे आणि जूनमध्ये चिखल तुडवत शाळेत जाणारे पोर वेगळे.

पाचवी, तिकडचे दार एकदम लावून घेऊ नका. जमले तर एकाने आधी येऊन एक खरीप, एक रब्बी काढून बघावे. खोली, रेशनकार्ड, कामावरची ओळख तोवर राखावी. आणि घाईघाईत, कुणाच्या दडपणाखाली किंवा एकरकमी पैशाच्या मोहाने, हक्कसोडपत्रावर सही नको. साठ पौंडांची गोष्ट आठवा.

या पाच गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. थोडी वेळेची आणि पुष्कळशी मनाची तयारी लागते.

इतके करूनही तो म्हणाला, मी इकडेच बरा, तर रागावू नका. ‘मातीला विसरला’ असे चारचौघांत बोलू नका. आणि उद्या दिवाळीच्या आधीच तो वळकटी घेऊन दारात उभा राहिला, तर ‘किती दिवसांसाठी आलास?’ हा प्रश्न पहिल्या तासात विचारू नका. आधी पाय धुवायला पाणी द्या. हिशेब जेवणानंतरही करता येतो.

हे पान वाचून झाले की घरातल्या कुणाला तरी सांगून आज एक फोन लावा. ‘कधी येतोस?’ एवढेच विचारू नका. ‘यायचे ठरवलेस तर तुझी जागा आहे, आणि ती एवढी आहे,’ हे सांगा. त्याला यायचे असो वा नसो, हे ऐकायला मात्र त्याला नक्की आवडेल.

बरे आहे. पुढच्या अंकात भेटू.